ड्रेपरीवालीचा शनिवार

शुक्रवार, रात्री साडेनऊ

मुंबईची गाडी लातूरहून साडेदहाच्या आसपास सुटते. आम्ही तासभर आधीच फलाटावर, कारण आमच्या सामानात एक प्रेत आहे. साडेतीन फूट लांबीचं, मांजरपाटाचं, आत कात्रणं आणि फोमचा चुरा, केस लोकरीचे. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी ते पाहिलं, पदर सावरला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. ‘आजी, खोटं हाय ते,’ असं आमच्याबरोबरच्या पोरीनं दोनदा सांगितलं तरी त्या काही परत आल्या नाहीत.

गंजगोलाईला आमचं ड्रेपरीचं दुकान आहे. १९१७ साली आखलेल्या या गोल बाजाराला सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या एकावर. गोकुळाष्टमीला कृष्ण, शिवजयंतीला मावळे, गॅदरिंगला कोळीण, वासुदेव आणि शेतकरी, असा आमचा वर्षाचा हंगाम ठरलेला. अलीकडे त्यात नवं गिऱ्हाईक शिरलंय. नीटच्या क्लासला जाणारी पोरं वही मिटतात, मोबाईल पुढं करतात आणि विचारतात, ‘मावशी, असं शिवता येईल का?’ मोबाईलवर कुठल्या तरी जपानी ॲनिमेतला अंगरखा असतो, नाहीतर गेममधल्या सरदाराचं चिलखत. घालून जायचं कुठं, तर मुंबईच्या कॉमिक कॉनला.

हा मेळा देशात पहिल्यांदा भरला तो २०११ च्या फेब्रुवारीत, दिल्ली हाटात. आता तो बऱ्याच शहरांत भरतो. मुंबईत पूर्वी गोरेगावच्या नेस्कोत असायचा, अलीकडे बीकेसीतल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. तारीख आणि जागा बदलू शकते, म्हणून रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी दोन्ही बघून घ्यायचं. मेळ्याचं तिकीट ऑनलाइन मिळतं, आणि ज्या दिवसाचं त्याच दिवशी चालतं. शनिवार-रविवार असेल तर बाहेरगावच्यानं शनिवार धरावा. रविवारी गर्दी जास्त, लोकलला मेगाब्लॉक, आणि आमच्याकडच्या पोरांची रविवारी क्लासची टेस्ट असते.

मी बरोबर जाते ती कामाला. पोशाख चढवायचे, दिवसभर टिकवायचे, उतरवून घडी करून परत आणायचे. या खेपेला गिऱ्हाईकं तीन. भाचा ‘डीमन स्लेअर’मधला तांजिरो. २०२५ च्या सप्टेंबरात त्याचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हिंदीतूनही थेटरात लागला, तेव्हापासून हिरव्या-काळ्या चौकड्यांचं कापड दुकानात ठेवावंच लागतं. त्याचा उंच मित्र फोमच्या चिलखतात. आणि त्यांची मैत्रीण राजा विक्रम, खांद्यावर वेताळासकट. तिच्या आजोबांनी ‘चांदोबा’चे जुने अंक बांधून ठेवलेत. मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासूनचा, आणि विक्रम-वेताळाचं ते शंकर यांनी काढलेलं चित्र घरोघरी ठाऊक: उपसलेली तलवार, खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागं मसणवट. तीन पोशाखांत मला मनातून आवडला तो हाच, पण हे मी भाच्याला सांगितलेलं नाही.

रात्री साडेदहा

गाडीत पोशाख कसे न्यायचे हे मला फलाटावर नाही, दुकानात मापं घेतानाच ठरवावं लागतं. स्लीपरचा बर्थ जेमतेम सहा फुटांचा. त्यामुळे भाला असो, काठी असो, तीन फुटांच्या वरची वस्तू दोन तुकड्यांत करायची आणि आतून पीव्हीसी पाइपचा सांधा द्यायचा. चिलखताचे खांदे एकात एक बसतील अशा मापानं कापायचे. फोमला घडी पडली की ती जात नाही, म्हणून ते पिशवीत कोंबायचे नाहीत, जुन्या चादरीत गुंडाळून वरच्या बर्थवर झोपवायचे. त्या बर्थवर झोपणारा माणूस मग पाय दुमडून झोपतो. तो उंच मित्रच.

कापडाचं उलट. अंगरखा, धोतर, शेला यांची गुंडाळी करायची, घडी नाही. सकाळी इस्त्री मिळेलच असं नाही.

माझी स्वतःची पिशवी वेगळी. त्यात दोन सुया ओवून ठेवलेल्या, काळा-पांढरा-हिरवा दोरा, सेफ्टी पिना, टिचबटणं, इलॅस्टिक, नाडी ओवायची पिन, वेल्क्रोच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, छोटी कात्री, चिकटवायच्या सोल्युशनची ट्यूब, ओले रुमाल, बेबी पावडर. कात्री बोथट टोकाची, आणि तीसुद्धा दारात ठेवून घेतली तर वाईट वाटणार नाही अशी. सोल्युशनबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. लातुरात लावलं की पाच-सात मिनिटांत हाताला कोरडं लागतं आणि मग जोडलं की धरतं. मुंबईच्या दमट हवेत तेवढ्यात ते ओलंच असतं. घाई केली की सांधा तासाभरात सुटतो. मुंबईत दुरुस्ती टेप आणि दोऱ्यानंच करावी.

पोरं बार्शीपर्यंत गप्पा मारतात. मी झोपते. दिवस मोठा आहे.

शनिवार, सकाळी सात

सीएसएमटीला उतरायचं की दादरला, हा प्रश्न आता सुटलाय. भुयारी मेट्रो ३ ची पूर्ण मार्गिका २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, आणि सीएसएमटीहून थेट बीकेसीला जाता येतं. आधी दादरला उतरून वांद्रे किंवा कुर्ल्यापर्यंत लोकल आणि पुढं रिक्षा किंवा बस असा उपद्व्याप होता. फोमचे खांदे घेऊन शनिवारी सकाळच्या लोकलमध्ये चढणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

स्टेशनच्या प्रतीक्षागृहात आंघोळ आणि तोंड धुणं उरकायचं. पोशाख इथं घालायचा नाही. पोरांना तिथूनच नटून निघायची हौस असते, कारण मेट्रोत लोक बघतात, फोटो काढतात. मी नाही म्हणते. एक तर सरकता जिना. घोळदार अंगरख्याचा काठ किंवा लोंबता शेला त्या दातऱ्यांत अडकला तर पोशाखाचं जाऊ द्या, माणूस पडतो. दुसरं, मेट्रोच्या तपासणीत कमरेला तलवार लटकवलेला तांजिरो उभा राहिला की मागची रांग थांबते. तोक्योला कॉमिकेट नावाचा याहून किती तरी मोठा मेळा १९७५ पासून भरतो. तिथं तर घरून नटून येऊ नका, आत येऊन बदला, असा नियमच आहे. भाच्यानंच मला हे सांगितलं होतं एकदा, मोठ्या कौतुकानं. आता तेच मी त्याला ऐकवते.

सकाळी साडेआठ

न्याहारी बाहेरच करायची, ती का ते सांगते. घरून आणलेले धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी आत नेऊ देतील या भरवशावर राहायचं नाही. मोठ्या सभागृहांत बाहेरचं खाणं बहुधा चालत नाही, आणि आतलं खाणं बीकेसीच्या भावानं मिळतं. धपाटे साध्या कपड्यांत खायचे, पोशाख घालायच्या आधी. चटणीचं तेल पांढऱ्या धोतरावर पडलं तर ते दिवसभर फोटोत दिसतं. मी धपाटे करते तेही कमी तेलाचे, कागदात न गुंडाळता फडक्यात.

पाण्याचं लातूरकराला सांगावं लागत नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आमचं, बाटली सोबत असतेच. दारात रिकामी करायला सांगितली तर करावी आणि आत भरून घ्यावी. फक्त पोशाखातल्या माणसाला पाणी प्यायची आठवण करून द्यायला एक साधा माणूस बरोबर हवा. मुखवट्यातलं पोर तहान लागली हे सांगत नाही, कारण मुखवटा काढावा लागेल.

सकाळी साडेनऊ

बीकेसीला पोचलो, आता खरं काम. आधी विक्रम. धोतर नेसवायचं नाही, शिवलेलं धोतर घालायचं, आत नेफा आणि इलॅस्टिक. नेसलेलं धोतर दिवसभर सावरायला लागतं, आणि या राजाचा एक हात तलवारीला, दुसरा प्रेताला. प्रेताचा भार खांद्यावर येऊ नये म्हणून विक्रमाच्या अंगरख्याच्या आतून पाठीवर एक पट्टा आहे, शाळेच्या दप्तरासारखा. वेताळाच्या पोटाला दोन मोठे हुक, पट्ट्याला दोन आय. लांबून वाटतं पोरीनं हातानं धरलंय, पण प्रेत तिच्या पाठीला लटकलेलं असतं. हात सोडला तरी पडत नाही. ही युक्ती तिची स्वतःची. मी फक्त पट्ट्याखाली बकरमाचा दुहेरी थर घालायला लावला, नाहीतर पातळ कापड दुपारपर्यंत फाटलं असतं.

वजनाचा हिशोब तिनं चांगला केला. आधी कापूस भरणार होती. कापसाचं प्रेत हलकं असतं पण ताठ राहतं, लोंबत नाही. कात्रणं भरली की लोंबतं, पण जड होतं. शेवटी धडात फोमचा चुरा, हातापायात कात्रणं आणि पंजात मूठभर वाळू. हात हलतात ते त्या वाळूमुळं. चालताना वेताळाचा पंजा तिच्या मांडीवर आपटतो, आणि मागून येणारी माणसं दचकतात.

भाच्याला दोन मिनिटं पुरतात. अंगरखा, पट्टा, कपाळावरची खूण, कानातली पत्त्यांसारखी लटकन. ती कानाला टोचलेली नाहीत, चिकटवलेली आहेत. नवव्या इयत्तेपासून ‘कान टोचू का’ विचारतोय, घरात ठराव पास होत नाही.

चिलखताला पाऊण तास लागतो. ईव्हीए फोमचं आहे. लहान पोरांच्या खोलीत अंथरतात त्या जोडचटयांचं, हीट गननं वाकवलेलं, वर रंग. सांधे सगळे वेल्क्रोचे. इथं माझा एकच हट्ट असतो, आणि नव्या गिऱ्हाइकाशी भांडण होतं ते यावरच. पोशाख कसा दिसतो ते आरसा सांगेल. मी विचारते, बसता येतं का, जिना उतरता येतो का, आणि संडासाला एकट्यानं जाऊन येता येतं का. पहिल्या वेळी पोरांना हसू येतं. या चिलखताच्या मांडीच्या पट्ट्या कमरेच्या पट्ट्याला मागून चिकटवलेल्या होत्या. मी त्या पुढं आणल्या, कारण मागचं वेल्क्रो माणसाला स्वतःला दिसत नाही आणि हातमोज्यात हाताला लागत नाही. संडासाला जाण्यापुरता दोन मिनिटांत एकट्याला उतरवता येत नसेल तो पोशाख माझ्या दुकानातून बाहेर जात नाही.

सकाळी साडेदहा

रांग. अकराच्या सुमाराला दारं उघडतात, पण रांग आधीच वळणं घेत गेलेली. माळेगावच्या यात्रेला खंडोबाच्या दर्शनाला उभं राहिलेल्या माणसाला ही रांग काहीच नाही, पण माळेगावला कुणी फोमच्या चिलखतात उभं राहत नाही. उन्हात रंग मऊ होतो आणि एकमेकांना टेकलेले भाग चिकटतात. म्हणून सांध्यांवर बेबी पावडर. खांद्याचे भाग काढून मी हातात धरते आणि दाराशी चढवते.

तपासणीचा नियम साधा. धातूचं शस्त्र नको, धार किंवा अणकुचीदार टोक नको, खरी वाटेल अशी बंदूक नको. शिवजयंतीच्या मिरवणुकीत खपते ती पत्र्याची तलवार इथं दारातच राहते. आमच्या तलवारी फोमच्या, आत पाइप, वर रुपेरी रंग. तपासणारा त्या वाकवून बघतो. वाकली की बरं वाटतं त्याला.

वेताळ मशीनमधून गेला. पडद्यावर काय दिसलं देव जाणे, पण तिथल्या ताईंनी पट्टा थांबवला.

‘ह्यात काय आहे?’

‘चिंध्या, फोम आणि वाळू,’ राजा विक्रम म्हणाली.

‘वाळू कशाला?’

तिनं वेताळ हातात घेतला, खांद्यावर टाकला आणि चार पावलं चालून दाखवली. पंजे हलले. ताईंनी एक पंजा दाबून बघितला, हातातली वाळू सरकलेली जाणवली, आणि मग मागच्या सहकाऱ्याला हाक मारून त्यालाही दाबायला लावला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याला असलं काही आत न्यायचंय त्यानं पोट उघडून दाखवता येईल अशी चेन ठेवावी. आमच्या वेताळाला ती होती, पण उघडायची वेळ आली नाही.

सकाळी साडेअकरा

आत शिरल्याबरोबर पहिलं काम म्हणजे भेटायची जागा ठरवणं. हजारो माणसं एका छताखाली आली की फोन लागत नाही, मेसेज अर्ध्या तासानं पोचतो. मी एखादा खांब निवडते, शक्यतो संडासाजवळचा आणि भिंतीकडचा, आणि दर दोन तासांनी तिथं हजर व्हायचं असं बजावते. घरातल्या मोठ्यांचा नंबर प्रत्येकाच्या बाहीच्या आत कापडावर लिहिलेला असतो. ‘मावशी, मी काय केजीत आहे का,’ असं भाचा म्हणतो. असू दे.

मग पोरं पांगतात आणि मी खांबाशी माझं दुकान मांडते. नवख्यानं आत काय बघायचं हे विचारलं तर मी सांगते, आधी चित्रकारांची टेबलं. मोठ्या कंपन्यांचे स्टॉल, गेम खेळायची जागा, स्टेजवरचे कार्यक्रम हे दिवसभर चालतं. पण चित्रकाराकडची छापील चित्रं, स्टिकर, पहिल्या छापाची पुस्तकं दुपारपर्यंत संपतात. तिथं घासाघीस करू नये. गंजगोलाईत मी स्वतः दहा रुपयांसाठी वाद घालते, पण ज्यानं काढलं तोच समोर बसून विकतोय, त्याच्याशी नाही. यूपीआय चालतं, पण नेटवर्क गेलं की टेबलासमोर दहा माणसं फोन वर धरून उभी. शंभर-दोनशेच्या नोटा खिशात असाव्यात.

अभिजीत किणींचं ‘अँग्री मावशी’ हे कॉमिक मला असंच पोरांनी आणून दिलं. नऊवारीतली मावशी, भ्रष्ट लोकांना धोपटते. पोरांनी ते मला का दिलं हे मी विचारलेलं नाही.

दुपारी साडेबारा ते तीन

या वेळात मी जेवत नाही, कारण याच वेळात शिवणी सुटतात. पोशाख घालून दोन-तीन तास झाले की अंग फुलतं, घाम येतो, बसून-उठून जोर आलेला असतो. पहिली उसवते ती काख, मग मांडीची शिवण. आमचीच पोरं येतात असं नाही. नागपूरची एक पोरगी आली, तिच्या पंखाचा एक दोर तुटलेला. नाशिकचा एक बाप आला, कडेवर चार वर्षांचा स्पायडरमॅन, पाठीची चेन अडकलेली, आणि स्पायडरमॅनला शू लागलेली. चेनीला मेणबत्ती किंवा साबण लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडं दोन्ही नव्हतं. शेजारच्या सांगाड्याच्या मेकअपमधला लिपबाम मागून घेतला. चेन सुटली, बाप धावत गेला.

पैसे घेत नाही मी इथं. एक तर बाहेरून येऊन असा धंदा करायला परवानगी लागते, आणि दुसरं, ही पोरं उद्याची गिऱ्हाईकं आहेत.

पोशाख घालून असलं काही करायची रीत परदेशातून आली म्हणतात. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन झालं, त्यात फॉरेस्ट ॲकरमन हे भविष्यातल्या माणसाच्या वेशात गेले, आणि त्यांचं नाव झालं. तो पोशाख शिवला होता त्यांच्याबरोबरच्या मिर्टल डग्लस यांनी, आणि त्या स्वतःही तसल्याच पोशाखात होत्या. शिवणाऱ्या बाईचं नाव मागं पडायला तिकडंही चालतंच म्हणायचं. आमच्याकडं तर बहुरूपी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खोट्या फौजदाराच्या वेशात दारात येऊन ‘लग्नाला का आला नाहीत, चला कचेरीत’ असा दम देणारा बहुरूपी माझ्या लहानपणी सुगीच्या दिवसांत यायचा. त्याचा सगळा पोशाख एका पडशीत मावायचा आणि तो दिवसभर पायी हिंडायचा. पोशाखात जगायचं कसं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

दुपारी साडेतीन

फोटोंचं काय. फोटो काढायचा असेल तर विचारावं, एवढंच. पोशाखातली माणसं बहुतेक खुशीनं उभी राहतात. पण कापडाला हात लावायचा नाही, आणि माणसाला तर नाहीच. हे सांगायची वेळ यावी याचं मला वाईट वाटतं. मुलींच्या बाबतीत मी जास्त डोळा ठेवते. राजा विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ ओढून बघायचा मोह फार जणांना होतो, आणि पट्टा तिच्या अंगाला बांधलेला आहे, त्यांना ठाऊक नसतं. एकानं ओढला तेव्हा ती मागं झुकली. ती वळली आणि शांतपणे म्हणाली, ‘बोललास तर प्रेत उडून झाडावर जाईल.’ तो मराठी होता. ‘चांदोबा!’ असं ओरडला, कान धरले आणि माफी मागितली. त्याआधी दिवसभर तिला ‘हे कुठलं ॲनिमे?’ असंच विचारत होते सगळे.

काही झालंच तर आयोजकांचे स्वयंसेवक असतात. त्यांच्या टी-शर्टचा रंग आत शिरतानाच पोरांना दाखवून ठेवायचा.

दुपारी चार

स्पर्धा. भाग घ्यायचा असेल तर नाव आधी नोंदवायचं, नियम आधी वाचायचे. परीक्षक बघतात ते नुसतं दिसणं नाही. कसं बनवलं, स्वतः किती केलं, हे विचारतात. म्हणून शिवताना, कापताना, रंगवताना फोटो काढून ठेवावेत. आमच्या राजानं काढले होते. माझे हात एका फोटोत आले आहेत, ते तिनं तसेच ठेवले आणि परीक्षकांना सांगितलं, ‘बकरम मावशीचं, बाकी माझं.’

बक्षीस मिळालं नाही. ज्याला मिळालं त्याचे पंख उघडझाप करत होते, आत मोटर होती. मी त्याच्या सांध्यांकडं बघत राहिले. शिवण नव्हती कुठंच, सगळे रिबीट. पोरीला तेवढा वेळ वाईट वाटलं, मग ती त्या पंखवाल्याकडंच जाऊन मोटर कुठून आणली ते विचारत बसली.

संध्याकाळी सहा

आठपर्यंत थांबायचं असतं पोरांना. परतीची गाडी सीएसएमटीहून नऊच्या सुमाराला आहे, आणि मी सहाला कपडे बदलायला लावते. तिकिटावरची वेळ आणि मधला रस्ता यांच्यामध्ये चिलखत उतरवायला लागणारा वेळ धरायला सगळे विसरतात. चढवायला पाऊण तास, उतरवायला वीस मिनिटं, पुसून गुंडाळायला आणखी वीस. आतला बनियन पिळला तर पाणी निघेल एवढा ओला असतो. तो वेगळ्या पिशवीत. फोमला आतून ओल्या रुमालानं पुसायचं, हवेत दहा मिनिटं ठेवायचं, मगच चादरीत. ओला गुंडाळला तर सकाळी लातुरात उघडल्यावर वास येतो आणि मग तो वास त्या चिलखताचा कायमचा होतो. घरी गेल्यावर उन्हातही टाकायचा नाही, आमच्या उन्हात फोम वाकडा होतो. सावलीत, पंख्याखाली.

चेहऱ्यावरचा रंग पाण्यानं घासत बसू नये. खोबरेल तेल लावायचं, टिपायचं, मग साबण. तांजिरोच्या कपाळावरची खूण तरीही अर्धी राहिलीच. सोमवारी क्लासला तशीच जाईल, आणि मला वाटतं त्यानं ती मुद्दामच राहू दिली.

रात्री नऊ

मेट्रोत वेताळाला बसायला जागा मिळाली नाही, राजाच्या खांद्यावरच उभा. सीएसएमटीला पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. पोरं वरच्या बर्थवर चढली आणि कल्याण यायच्या आत झोपली. तलवारी खाली, खांदे वर, प्रेत माझ्या पायाशी.

समोरच्या बर्थवर बार्शीची एक बाई होती, बरोबर दुसरीतली मुलगी. ती मुलगी वेताळाकडं बघत होती, घाबरून नाही, हिशोब लावल्यासारखी. मग तिनं विचारलं, ‘ह्याच्या हातात काय आहे?’ मी पंजा पुढं केला. तिनं दाबला. ‘वाळू,’ ती म्हणाली आणि आईकडं वळली.

आईनं विचारलं, ‘असलं गॅदरिंगसाठी करून देता का हो? जानेवारीत आहे हिचं.’

‘देते की. कोण व्हायचंय?’

‘वेताळ,’ मुलगी म्हणाली. ‘खांद्यावरचा.’

तो प्रश्न जरा निराळा. खांद्यावरचा वेताळ जिवंत पोर असेल तर खाली विक्रम कोण, किती वर्षांचा, आणि त्याला उचलवेल का. एक वाट आहे. विक्रमच खोटा करायचा, फोमचा, पोरीच्या पोटाशी पुढून बांधायचा, आणि तिचे पाय त्याचे पाय म्हणून दाखवायचे. तिच्या पायांच्या जागी मागं भरलेले पाय लोंबतील. मी पिशवीतून टेप काढली. उंची तीन फूट नऊ इंच, छाती चोवीस, खांदा साडेदहा. आई म्हणाली, मोठं ठेवा जरा, पुढच्या वर्षी पण होईल. मी शिवणीत दोन इंच माया धरली आणि पावती पुस्तकात लिहून घेतलं: निम्मे पैसे आधी, कापड आमचं, वाळू त्यांची.